मावळतीकडे तोंड केलेल्या झोपड्या

भुदरगडच्या वरच्या सड्यावर, त्या सपाट कातळमाथ्यावर, जाऊ नका, असं मी कुणाला सांगणार नाही. जागा देखणी आहे. पावसाळा संपता संपता गेलात तर पायाखाली काळाभोर जांभा दगड, त्याच्या फटीफटींतून जांभळी-पिवळी फुलं, आणि पलीकडे एकदम कडा तुटून खाली कोकण. हल्ली लोक गाड्या घेऊन फोटो काढायला जातात म्हणे. जावं की. आम्ही गेलो तेव्हाही फुलं होती, पण ती बघायला आमचं मन ठिकाणावर नव्हतं. माझा धाकटा भाऊ बसू त्या सड्यावर कुठंतरी होता, आणि तो जिवंत आहे की नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

जयसिंगपूर

बसू म्हणजे बसवराज. जयसिंगपुरात आमचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर तो बसतो, गिऱ्हाईक मी बघते. मी थोरली, लग्न न केलेली, त्यामुळं घरात आणि दुकानात माझाच आवाज मोठा. बसू आणि त्याची बायको शैला दोघंही मला आक्का म्हणतात, आणि बाजारातले लोक माघारी काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय कुणी पाणी पीत नाही. असल्या घरातला हा बसू दर रविवारी टीव्हीपुढं मांडी घालून बसायचा. तेव्हा, म्हणजे दोन हजार सहा-सातच्या सुमाराला, इंग्रजी चॅनेलवर गोरे लोक जंगलात एकटे राहून साप-विंचू खायचे, आणि त्यांचं बघून कोल्हापूरच्या एका केबलवाल्यानं आपला मराठी कार्यक्रम काढला होता. त्यातले तज्ज्ञ म्हणजे रणधीर सर. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात लाल रुमाल. काडेपेटी न घेता जंगलात शिरायचे, माती हुंगून माणूस कधी गेला ते सांगायचे, झाडाच्या सालीखालची पांढरी अळी काढून तोंडात टाकायचे. "मित्रांनो, जंगल तुमचा शत्रू नाही," असं म्हणायचे. तेव्हा बसूचे ओठही हलायचे.

मी म्हणायची, "बशा, ह्या माणसाच्या बुटाला चिखल कसा काय लागत न्हाय रे?"

तो चिडायचा. "आक्का, तुला सगळ्यांतच खोट दिसती."

दिवाळीच्या आधी तो टोपी आणि लाल रुमाल घालून मोटरसायकलवरून निघाला. शैलाला म्हणाला, "दोन रात्री ऱ्हाऊन येतो. सरांनी दावलंय तसं." बरोबर फक्त भडंगाची पिशवी होती, तीही शैलानं जबरदस्तीनं दिलेली. आठवडा उलटला. गारगोटीच्या पुढं, सड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्याची गाडी सापडली. पोलिसांत कळवलं, गावकरी वर जाऊन शोधून आले, पण धुक्यात हाताला काही लागलं नाही.

शैला रडून रडून दमून बसली होती. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. मी तिला म्हटलं, "चल, त्या सरालाच घेऊन येऊ. शिकवणारा त्यो, शोधणारा बी त्योच."

कोल्हापूर

केबलच्या ऑफिसात खुर्चीतला माणूस म्हणाला, "सर शूटिंगला बाहेर गेलेत."

"मग बसतो आम्ही," मी म्हटलं आणि शैलाला घेऊन दारातच फतकल मारली. थोड्या वेळानं सर आतल्या खोलीतूनच बाहेर आले. टीव्हीत दिसतात त्यापेक्षा बुटके आणि पोट जरा सुटलेलं. शैला त्यांना बघून एकदम उठून उभी राहिली, देव दिसल्यावर उठावं तशी. मला तिचा भयंकर राग आला आणि कीवही आली.

"तुमाला माती बघून माणूस कळतो न्हवं?" मी विचारलं. "मग चला. माझा भाऊ गेलाय त्या मातीवरनं."

त्यांनी आधी कार्यक्रमातल्या भाषेत उत्तर दिलं. म्हणाले, "हे बघा ताई, प्रत्येकानं आपल्या जबाबदारीवर..."

"ते तुमचं टीव्हीतलं ठेवा टीव्हीत. येताय का न्हाय?"

त्यांनी शैलाकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "येतो." स्वतःच्या जीपनं आम्हाला न्यायला ते तयार झाले, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

गारगोटी

गारगोटीच्या बाजारात मिसळ खायला थांबलो. तिथली मिसळ तिखटजाळ, आमच्याकडच्यापेक्षा तेलकट, पण चव चांगली. खाल्ली मात्र एकट्या सरांनी. हॉटेलातल्या सगळ्यांनी त्यांना ओळखलं. एकजण लांबूनच ओरडला, "सर, अळी कशी लागती वो खायाला?"

"ओल्या खोबऱ्यासारखी," सर सवयीनं म्हणाले. हॉटेल खूश झालं.

जीपमध्ये बसल्यावर मी विचारलं, "खरंच खोबऱ्यासारखी लागती?"

सर गाडी चालू करायचं थांबले. मग स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "आक्का, ती पिठाची हुती. बायकोनं गव्हले वळतात तशी वळून दिलती, साखरेचा हात लावून. सालीखाली आम्हीच ठेवली."

मला हसूच येणार होतं, तेवढ्यात मागं शैलानं तोंडाला पदर लावला. मी म्हटलं, "आता काय झालं?"

"आमच्या ह्यांनी खाल्ली हुती," ती म्हणाली. "परसात, शेवग्याची साल काढून. खरी, वळवळणारी. मला दावून खाल्ली. रातभर उलट्या केल्या. तुमाला सांगू नको म्हनले."

मी सरांच्या तोंडाकडं बघितलं. तो माणूस असा पांढरा पडला होता की मला जे बोलायचं होतं ते मी गिळलं. पुढच्या रस्त्यात मी एकेक विचारत गेले आणि ते सांगत गेले. रात्री जंगलात राहिलात का? नाही, शूटिंग आटोपून लॉजवर यायचो. विस्तव कसा पेटायचा? लायटरनं. ते जंगल सगळं एकच का? नाही. चढ जोतिबाच्या डोंगराचा, ओढा राधानगरीकडचा, आणि झोपडी ह्या सड्यावरची.

"सड्यावर किती वेळा गेलासा?"

"एकदा. दुपारचं."

शैला ऐकत होती. मुक्काम आमच्या एका लांबच्या नातेवाइकाकडं केला. तिथं घरातल्या बाईनं सरांना शेजारी बसवून आग्रहानं वाढलं आणि "जंगलात भ्या वाटत न्हाय का वो?" असं विचारलं. सरांनी ताटातला भात कालवायला घेतला.

धनगरवाडा

सकाळी पायथ्याच्या गावात जीप सोडली आणि चढायला लागलो. वाट रानातून जाते. कारवीची झुडपं दोन्ही बाजूंनी अंगावर आलेली, दगड शेवाळलेले. मी एकदा घसरले आणि सरांनी मला धरलं. धरताना ते स्वतःच पडले, आणि त्यांची खाकी टोपी ओघळीत गेली. ती काढायला कुणी उतरलं नाही. मातीत पाऊलखुणा होत्या. मी बोट दाखवलं तर ते वाकले, बघितलं आणि म्हणाले, "पायच दिसतायत, आक्का. कुनाचे ते कसं सांगू?"

वरच्या टप्प्यावर चार घरांचा धनगरवाडा लागला. अंगणात एक म्हातारी ताक घुसळत होती. सरांच्या गळ्यातला लाल रुमाल बघून तिनं रवी थांबवली.

"पावणं, तुमी तर मगाशीच वर गेलासा की!"

"मी?" सर म्हणाले.

"व्हय. ह्याच फडक्यात. डोस्क्याला टोपी हुती."

सर म्हणाले की मी आत्ताच आलोय, ह्या दोघी बरोबर आहेत, विचारा. म्हातारीनं आम्हाला नीट बघून घेतलं. मग तिनं गाडग्यातलं ताक तिघांना दिलं. आमच्याकडं ताकाला जिरं लावतात, तिनं मिठाचा खडासुद्धा टाकला नव्हता, आणि तसलं गोड ताक मी परत प्यायले नाही.

"मग रोजच कोन तरी असला जातोय," ती म्हणाली. "सगळी एकसारखीच दिसत्यात. म्या म्हनलं, एकच पावना हाय आन त्यो सारखा वर जातोय."

"उतरताना बघितलासा कुनाला?" शैलानं विचारलं.

"न्हाय बा. कोकणाच्या अंगानं उतरत असतील. मला काय ठावं?"

शैलानं ताक तसंच खाली ठेवलं आणि आमच्या आधी चालायला लागली. सरांनी रुमाल सोडला आणि खिशात कोंबला.

सडा

सड्यावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आधी सगळं लख्ख होतं. मैलभर सपाट काळा दगड, खळग्यांत साठलेलं पावसाचं पाणी, फुलं. मग कड्याच्या बाजूनं धुकं वर आलं. आलं म्हणजे चालतच आलं, आणि बघता बघता शैला मला नुसती पातळाच्या रंगावरून ओळखू यायला लागली. आम्ही तिघांनी हात धरले. आमच्यात परपुरुषाचा हात धरायची रीत नाही, पण तिथं रीतभात कुणाला सुचणार?

पहिली झोपडी अशी अचानक पुढ्यात उभी राहिली की शैला किंचाळली. कारवीच्या काठ्या तिरक्या लावलेल्या, वर गवत, आत गवताचंच अंथरूण. दारापुढं दगडांची ओळ. एक फळी आणि एक काठी, घासून विस्तव काढायला. फळी घासून घासून खड्डा पडलेला, पण राख कुठंच नाही.

"बसू!" मी हाक मारली. आत कुणी नव्हतं. गवत जुनं होतं, कुजलेलं.

"ही तुमची का?" मी सरांना विचारलं.

"न्हाय. आमी एकच केलती, ती बी शूटिंग झाल्यावर मोडली."

थोडं पुढं दुसरी होती. मग आणखी एक. मग शेजारी-शेजारी दोन. कुठलीही घ्या, तसल्याच काठ्या, तशीच दगडांची ओळ, तशीच फळी. काही वाऱ्यानं बसलेल्या, काहींचं गवत अजून हिरवं. एकीच्या बाहेर चपला नीट काढून ठेवलेल्या होत्या, आपण दारात काढतो तशा. शैलानं खाली वाकून त्या बघितल्या. बसूच्या नव्हत्या. कुणाच्या होत्या आणि तो अनवाणी कुठं गेला, हे विचार मनात आले आणि मी ते मागं सारले.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. सगळ्या झोपड्यांची तोंडं कड्याकडं, मावळतीकडं होती. आमच्या मुलखात शेळीसुद्धा मावळतीकडं तोंड करून बसत नाही. वारा तिकडचा, पाऊस तिकडचा, धुकं तिकडचं. आतली सगळी अंथरुणं भिजून चिंब होती.

"सर, तोंड मावळतीला का?"

"मी टीव्हीवर सांगितलंतं, जुन्या शिकाऱ्यांचा नेम हाय म्हनून."

"आनि खरं?"

"कॅमेरावाला म्हनला, कलत्या उन्हाचा उजेड तोंडावर येतोय, तोंड तिकडं करा."

मला त्यांना दोन द्याव्याशा वाटल्या. दिल्याही असत्या, पण तेवढ्यात आवाज आला.

"मित्रांनो, घाबरायचं नाही. जंगल तुमचा शत्रू नाही."

सरांचाच आवाज. तेच थांबणं, तोच खालचा सूर. मी मान वळवून बघितलं. सर माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचं तोंड मिटलेलं होतं. शैलानं माझं बोट इतकं आवळलं की नंतर दोन दिवस ते दुखत होतं.

"हरवलात तर जागा सोडू नका," आवाज म्हणाला. "मी येईन."

शैला हात सोडून धावली. आम्ही मागं धावलो. कड्याच्या अगदी जवळ, शेवटच्या झोपडीत, बसू बसला होता. दाढी वाढलेली, टोपी, लाल रुमाल. पाय सुजून पांढरे पडलेले. समोरच्या धुक्याकडे बघून तो सरांच्या आवाजात बोलत होता आणि बोलून झालं की मान हलवत ऐकत होता. भडंगाची रिकामी पिशवी घडी घालून दगडाखाली ठेवलेली होती.

जिवंत होता. माझा भाऊ जिवंत होता. मी इतक्या जोरात रडले की मलाच माझा आवाज ओळखू येईना.

"शैले, आलीस व्हय," तो त्याच्या नेहमीच्या आवाजात म्हणाला. "आक्का, तू बी? बसा. सर पानी बघायला गेलेत, येतीलच."

शैलानं त्याच्या कपाळाला हात लावला. अंग तव्यासारखं तापलं होतं. ती म्हणाली, "अवो, सर हितंच हाईत. बघा की. त्यांना घेऊन आलोय."

बसूनं सरांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे? हे कोन पावणं?"

"मी रणधीर," सर म्हणाले. बोलताना ते कड्यापासून एक पाऊल मागं सरले.

बसू हसला. "सर असं भीत न्हाईत वो."

"बशा, उठ," मी म्हटलं. "अंधार पडायच्या आत खाली जायाचं हाय. अंगात ताप हाय तुझ्या."

"जागा सोडायची न्हाय, आक्का. सरांनी सांगितलंय. रोज येऊन सांगत्यात. रातीला हितंच झोपत्यात." त्यानं शेजारी हात दाखवला. तिथं गवताचं दुसरं अंथरूण होतं, आणि ते कुणीतरी झोपून उठल्यासारखं मधोमध दबलेलं होतं.

मी आणि शैलानं त्याला दोन्ही काखांत धरून ओढलं. आठ-दहा दिवसांचा उपाशी माणूस, पण दगडाला घट्ट धरून बसला, आणि कडा तिथून हाताच्या अंतरावर. ओढाताणीत पाय घसरला असता तर तिघंही कोकणात गेलो असतो. मी त्याला सोडलं आणि सरांवर ओरडले, "बोला की! टीव्हीतल्यावानी बोला! ऐकंल तुमचं!"

सरांनी छाती भरून घेतली. "मित्रा," ते त्या दुसऱ्या भाषेत म्हणाले, "आता परतीची वेळ झाली आहे. माझ्या मागोमाग चल."

बसूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पावणं, नक्कल बरी करता. पन सर न्हवं."

उजेड कमी व्हायला लागला होता. शैला त्याच्या पायाशी बसून राहिली. "आक्का, तुमी जावा," ती म्हणाली, "मी ऱ्हाते हितं ह्यांच्यापाशी." आणि मला कळलं की ही खरंच राहील, आणि उद्या आम्ही दोघांनाही न्यायला येऊ तेव्हा ती कशी असतील, ते मला मनात आणवेना.

तेव्हा सर त्या ओल्या दगडावर बसूच्या समोर मांडी घालून बसले.

"दादा," ते म्हणाले, "अळी पिठाची हुती."

बसूनं मान वर केली.

"माझ्या बायकोनं वळलेली. विस्तव लायटरनं पेटवलता. ह्या झोपडीचं तोंड हिकडं हाय ते कॅमेऱ्यासाठी. मी हितं एक रात बी काढलेली न्हाय. मला माती वाचता येत न्हाय. वाटेत मी पडलो, आक्काला विचारा. मला रानाचं भ्या वाटतंय, दादा. आत्ता बी वाटतंय."

धुकं आमच्या आणि बसूच्या मधून जात होतं. त्याचा चेहरा हळूहळू असा झाला की तसा मी तो आई गेली त्या दिवशी बघितला होता. टोपी त्यानं काढली आणि मांडीवर ठेवली.

"खरी न्हवती अळी?"

"न्हवती."

"मी खाल्ली की वो, सर."

पहिल्यांदाच तो त्यांना सर म्हणाला. बसूनं शेजारच्या अंथरुणाकडं बघितलं, मग परत त्यांच्याकडं.

"तुमी न्हवतासा," तो म्हणाला, "मग माझ्या शेजारी रोज झोपायचं कोन?"

सर वाकले आणि त्यांनी त्या दबलेल्या गवतावर तळहात ठेवला. थोडा वेळ ठेवला आणि एकदम मागं घेतला, आणि दुसऱ्या हातानं तो धरून बसले. गवत गार होतं की ऊन, हे मी त्यांना आजपर्यंत विचारलेलं नाही.

"मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले.

टीव्हीतले सर असं कधीच म्हणाले नव्हते; बसूनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मग त्यानं हात पुढं केला.

"शैले, मला उठीव. घरला जाऊ."